तिसरे पाकीट

मंडळी, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या घरी एकाच आठवड्यात सगळे तापाने आडवे झाले. आधी चिरंजीव, मग सौ. आणि शेवटी आम्ही. अंगात कणकण घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात गेलो आणि तापाच्या गोळ्यांची तीन पाकिटे उचलली. काउंटरवरच्या मुलीने दोन पिशवीत टाकली आणि तिसरे बाजूला ठेवले. म्हणाली, "दोनच मिळतील." आम्हाला राग आला. ज्या गोळीच्या रेणूची आकृती आम्ही झोपेतही काढून दाखवू, तिच्याबद्दल ही विशीतली पोर आम्हाला शहाणपण शिकवणार! मग त्या पीएच.डी.चा उपयोग काय? घरी येऊन बराच वेळ तणतणलो. सौ.ने ऐकून घेतले, वरच्या कप्प्यातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि पुढ्यात ठेवला. पुण्याच्या फेरीत आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यात इतक्या ठासून भरल्या होत्या की झाकण बसत नव्हते.

असा डबा तुमच्याही घरी आहे. नाही म्हणू नका. बॅग भरताना आई देते, निघताना मावशी देते, कोणाच्या तरी ऑपरेशननंतर उरलेले 'असू दे जवळ' म्हणून येते. इथे डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत ताप उतरून जातो, त्यामुळे आपणही नको म्हणत नाही.

हा लेख त्या डब्याविषयी आहे आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत आलेल्या एका फोनविषयी.

आपल्या अंकाच्या मागच्या पानावर 'नव्याने आलेल्यांसाठी' म्हणून आमचा नंबर छापलेला असतो. प्रश्न ठरलेले असतात. खोली कुठे मिळेल, कढीपत्ता कुठे मिळतो, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवायचे. त्या रात्री दहाच्या सुमारास फोन आला तो एका विद्यार्थ्याचा. (त्याला विचारून आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून हे लिहीत आहोत.) गणपतीत आरतीला तबल्यावर बसणारा, शांत मुलगा. म्हणाला, "दादा, माझा तबला तुमच्याकडे दिला तर चालेल का? तुमचा मुलगा शिकतोय ना, त्याला होईल." आम्ही म्हटले, अरे वा. मग रीतीप्रमाणे अभ्यासाची चौकशी केली. "चाललंय. जरा जीव नकोसा झालाय, एवढंच."

मंडळी, 'जीव नकोसा झालाय' हे आपण मे महिन्यातल्या उकाड्यालाही म्हणतो, लोकलच्या गर्दीलाही म्हणतो. त्यामुळे ते आम्हाला ऐकूच आले नाही. आम्ही म्हणालो, "फेब्रुवारीत इथे सगळ्यांचंच असं होतं रे. ऊन पडलं की बरं वाटेल. वेळेवर जेवत जा." फोन ठेवला आणि सौ.ला आनंदाने बातमी दिली की चिरंजिवांना फुकट तबला मिळाला.

ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "तबला का देतोय तो?"

तिने हात पुसले आणि आमच्याच फोनवरून त्याला परत लावला. इकडचे तिकडचे दोन प्रश्न झाले आणि मग तिने सरळ विचारले, "मघाशी जीव नकोसा झालाय म्हणालास. म्हणजे जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" आम्ही समोरून हातवारे करत होतो की असे विचारू नकोस, नसेल तरी त्याच्या डोक्यात येईल. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "हो, वहिनी."

ती रागावली नाही, रडली नाही, 'आईबाबांचा विचार कर' म्हणाली नाही. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली. मग, "शेजारच्या खोलीत कोण आहे?" एक नायजेरियन मुलगा होता. "त्याला हाक मार. आणि आईने औषधांचा डबा दिला असेल ना, तो त्याच्याकडे दे." डबा असणार हे तिने गृहीतच धरले होते आणि तो होताही. त्या मुलाला मराठी येत नव्हते, आम्हाला त्याची भाषा येत नव्हती. पण दोन वाक्ये ऐकून त्याने डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला, खोलीला कुलूप लावले, दोन कप चहा केला आणि त्याच्याशेजारी येऊन बसला. आम्ही गाडी काढली. चाळीस मिनिटांचा रस्ता. तेवढा वेळ सौ. फोनवर होती, पण बोलली फारच थोडे. एका विषयात नापास, वडिलांच्या फंडातून भरलेली फी, घरी काहीच सांगितलेले नाही, हे सगळे आम्ही गाडी चालवताना ऐकले. दहा वाजता आम्हीच 'अभ्यास कसा चाललाय' विचारले होते. तेव्हा यातले एक अक्षर आले नव्हते.

तो त्या रात्री आमच्याकडे झोपला. सकाळी त्याच्याबरोबर डॉक्टरकडे गेलो. पुढचे काही महिने लागले आणि सगळे सरळ रेषेत झाले असेही नाही. आज तो नोकरी करतो.

'विचारले तर डोक्यात येईल' ही आमची समजूत साफ चुकीची होती. या विषयावर अभ्यास झालेले आहेत आणि विचारल्याने विचार रुजतो असे त्यांत दिसलेले नाही. उलट बहुतेकांना हायसे वाटते. दुसरी समजूत आपल्याकडे आणखी घट्ट बसलेली आहे: ज्याला जायचे तो जाणारच, एक वाट बंद केली तर दुसरी शोधेल. आम्हालाही ती तर्काला धरून वाटायची. नंतर आम्ही वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की याचे उत्तर आमच्याच विषयात पडलेले आहे.

१९६०च्या आसपास या देशात स्वयंपाकाला कोळशापासून काढलेला गॅस यायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा आणि इंग्लंड-वेल्समधल्या जवळजवळ निम्म्या आत्महत्या त्या गॅसने होत. पुढे उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरच्या शेगड्या बदलून तो वायू देण्यात आला. कारण निव्वळ सोयीचे आणि पैशाचे होते, जीव वाचवायला कोणी ते केले नव्हते. १९६३ साली तिथे ५,७१४ जणांनी जीव दिला होता. १९७५ साली तो आकडा ३,६९३ झाला. दुसरी वाट शोधायला कोणी अडवले नव्हते, पण फार थोड्यांनी ती शोधली.

श्रीलंकेतही तेच. १९९५च्या सुमारास तिथे दर लाख लोकांमागे ४७ आत्महत्या होत, जगात सर्वांत वरच्या आकड्यांपैकी हा एक. बहुतेकांमागे कीटकनाशके. सरकारने सर्वांत जहाल औषधांवर १९८४पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. भाताचे पीकही घटले नाही. आमचे मूळ घर अकोला जिल्ह्यातले. तिथे फवारणीचा डबा ज्वारीच्या कणगीशेजारी असायचा, हाताला येईल असा. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी काही गावांत फवारणीची औषधे घरात ठेवण्याऐवजी एका सामाईक जागी, बँकेच्या लॉकरसारख्या खणांत ठेवायची सोय करून पाहिली आणि शेतकऱ्यांनी ती स्वीकारली. चेन्नईची 'स्नेहा' ही संस्था त्यांनीच १९८६ साली काढली. कर्ज आणि कापसाचा भाव कुलपात ठेवून सुटत नाही हे कबूल. पण माणूस राहिला तर कर्जाचे काही तरी होते.

कारण ती टोकाची घटका बहुधा फार लांबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात अडवलेल्या ५१५ जणांचे पुढे काय झाले, हे रिचर्ड सायडन यांनी शोधून १९७८ साली प्रसिद्ध केले. दहातले नऊहून अधिक जण तेव्हा जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते.

तर ते तिसरे पाकीट. १९९८ साली इथे कायद्याने तापा-डोकेदुखीच्या साध्या गोळ्यांची पाकिटे लहान केली आणि दुकानेही एका वेळी दोनहून अधिक देईनाशी झाली. ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन यांच्या गटाने २०१३ साली हिशेब मांडला: पुढच्या अकरा वर्षांत त्या गोळ्यांनी होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी घटले. एवढा विचार करून केलेला कायदा आणि आपण तो तेवीस किलोच्या बॅगेतून ओलांडून येतो. काउंटरवरच्या त्या मुलीची मनातल्या मनात माफी मागून झाली आहे.

मंडळातली निम्मी माणसे आम्हाला औषधांचे दुकानदार समजतात. आम्ही रंगांच्या कंपनीत काम करतो. तरीही केमिस्ट या नात्याने एक सांगतो: या शनिवारी डबा खाली काढा. लागतील तेवढ्या गोळ्या ठेवा, बाकीच्या जवळच्या फार्मसीत द्या. ते परत घेतात, पैसे पडत नाहीत. सिंकमध्ये ओतू नका. घरात कोणी खचलेले असेल तर उरलेला डबाही कुलपात ठेवा, आणि का ठेवला हे त्या माणसाला मोकळेपणी सांगा.

आता बोलण्याविषयी. चॅड व्हारा नावाचे एक पाद्री होते. १९३५ साली, नवे असताना, त्यांना चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पाळी सुरू झाली होती, तो काही भयंकर रोग आहे असे वाटून तिने जीव दिला होता. विचारायला कोणी नव्हते. पुढे १९५३ साली त्यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये अशा लोकांसाठी टेलिफोन ठेवला. माणसे भेटायलाही येऊ लागली. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक असत. व्हारांच्या लक्षात आले की चहा देणाऱ्यांशी बोलूनच पुष्कळ जणांचे मन हलके होते, आत यायची गरजच राहत नाही. १९५४ साली त्यांनी काम त्या साध्यासुध्या माणसांवर सोपवले. तीच आजची समॅरिटन्स. तो नायजेरियन मुलगा व्हारांचे नावही जाणत नसेल, पण चहा त्याने न सांगता केला.

समॅरिटन्सचा नंबर ११६ १२३. दिवसरात्र, फुकट. इंग्लंडात १११ लावून २ हा पर्याय निवडला तरी मानसिक आजाराची मदत मिळते, आणि जिवाला ताबडतोब धोका असेल तर ९९९. भारतातल्या आपल्या माणसांसाठी ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेली-मानस आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच १९९०पासून आहे. इथे मात्र आपल्या आईवडिलांची अडचण भाषेची. 'मन भरून येतं' हे इंग्रजीत सांगायचे कसे? अशा वेळी शेजारी बसून बोलणे समजावून द्यायला कोणी हवे असेल तर आम्हाला कळवा. मंडळात तिघे जण तयार आहेत.

आणखी एक भीती असते, पोलिसांची आणि व्हिसाची. इंग्लंड-वेल्समध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा १९६१पासून गुन्हा नाही. त्या मुलानेही डॉक्टरकडे जाताना वाटेत तीन वेळा हेच विचारले होते.

एक गोष्ट लिहू की नको असे चालले होते. काही वर्षांपूर्वी या अंकात एक श्रद्धांजली आली होती. 'अल्पशा आजाराने' असे त्यात होते. ते आम्हीच टाइप केले होते. खरे काय ते आम्हाला ठाऊक होते आणि घरच्यांची इच्छा म्हणून तसे लिहिले. पुन्हा तशी इच्छा असली तर पुन्हा तसेच लिहू. पण त्यानंतर त्या घरी कोणी फारसे गेले नाही. काय बोलावे कळत नव्हते म्हणून आम्हीही गेलो नाही. गेल्या महिन्यात सौ. आणि आम्ही गेलो. काकूंनी पोहे केले. मुलाचा फोटो दाखवला. आम्ही त्याचे नाव घेऊन विचारत राहिलो, तशा त्या दोन तास बोलत होत्या.

तबल्याचे सांगायचे राहिले. वर्षभर तो आमच्याकडेच होता. यंदा पाडव्याला तो मुलगा जेवायला आला, तेव्हा म्हणाला, "दादा, तबला परत नेऊ का?" चिरंजीव जरा फुरंगटले. त्याने गवसणी काढली, बोटाने दोनदा वाजवून पाहिले आणि आमच्याकडे असे पाहिले की काही विचारू नका. रेडिएटरला लागून ठेवला होता आम्ही. हवा कोरडी होऊन पुडी पार ताणली गेली होती. "तबला कोणी असा ठेवतं का, दादा?" म्हणाला आणि हातोडी मागितली.