बेस खांद्यावर, भोपळा मिरजेचा

राजारामपुरीत दोन तास प्रॅक्टिस झाली की माझ्या खांद्याची पार वाट लागते. ॲश लाकडाचा बेस गिटार, साडेचार किलो! 'जड लाकूड, दमदार टोन' हे ऐकून घेतलेला. हे खरं का, म्हणून एका रविवारी कोल्हापूरहून गाडी पकडली आणि तासाभरात मिरज.

शस्त्रांना धार लावणारे इथले शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅगही मिळाला. दुकानात तंबोरा उचलला आणि चाटच पडले. एवढं थोरलं वाद्य, पण माझ्या बेसपेक्षा हलकं! आत सगळं पोकळ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळवलेला भोपळा, त्यावर लाकडाची पातळ तबली. ती थरथरते, भोपळ्यातली हवा घुमते, तोच आवाज. इथे लाकूड बदललं की सूर बदलणारच.

आपला बेस मात्र भरीव फळी. तारेचं कंपन पिकअप टिपतो, घुमवतो ॲम्प. लाकडाचा वाटा असलाच तर थोडका. तारा, पिकअप आणि बोटं त्याहून भारी. वजन मात्र बहुतेक लाकडाचंच.

पुढचा बेस वजनकाट्यावर ठेवूनच घेणार. तोवर रुंद पट्टा, आणि प्रॅक्टिसनंतर मिसळ.