नवकारशी ते चौविहार : नांदेड ते लातूर सायकलने

नांदेडच्या गोदावरी पुलावर आम्ही चौघे मित्र सायकली घेऊन पोहोचलो, तेव्हा पूर्वेला नुकतेच फटफटत होते. कुंथलगिरी सिद्धक्षेत्राच्या तीन दिवसांच्या सायकलयात्रेचा हा पहिला दिवस. मार्ग लोहा, अहमदपूर, चाकूर असा. लातूरपर्यंतचे अंतर सुमारे १४० किलोमीटर. व्यापारानिमित्त मोटारीने या रस्त्यावरून आम्ही असंख्य वेळा गेलो आहोत. परंतु लातूर नांदेडपेक्षा सुमारे अडीचशे मीटर उंचावर वसले आहे, ही गोष्ट त्या दिवशी प्रथम पायांना समजली.

आमच्यात दोघे श्वेतांबर, दोघे दिगंबर. त्यांपैकी एकाचा चौविहाराचा नित्यनियम आहे. सूर्यास्तानंतर अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत मुखात काही घालायचे नाही. डिसेंबरअखेरचा आखूड दिवस. या दोन मर्यादांमध्ये जेमतेम सव्वादहा तास हाती होते.

विष्णुपुरीचे विद्यापीठ मागे पडले. नवकारशी झाल्यावर खाखरा आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन पुढे निघालो. दोन्ही बाजूंना वाळत आलेली तूर आणि कोवळा हरभरा. लोह्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने तीन साध्वीजींचा विहार चालला होता. अनवाणी पाय, शुभ्र वस्त्रे, मुखावर मुहपत्ती. सोबतीला एकच सेवक. आम्ही सायकली लावून वंदना केली. मांगलिक ऐकवून एका साध्वीजींनी विचारले, “आज कोठपर्यंत?”

“लातूरपर्यंत.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “आमचे लातूर अजून आठ दिवसांचे आहे.”

त्यांच्याशी बोलत असतानाच उसाने भरलेला एक ट्रॅक्टर अगदी जवळून गेला. सायकल हातात असूनही मी दोन पावले मागे सरलो. साध्वीजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे रोजचेच असावे. मोटारीच्या काचेआडून हा रस्ता इतका निर्दय कधी भासला नव्हता. आपणही याच वेगाने अशा कितीतरी विहारांजवळून गेलो असू, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

माळेगावला खंडोबाच्या यात्रेची तयारी सुरू होती. मार्गशीर्षात येथे घोडे, उंट, गाढवे यांचा मोठा बाजार भरतो. आमच्या आजोबांची पिढी या यात्रेत कापडाची पाले टाकीत असे. तेथे थोडे थांबून पुढे गेलो आणि अहमदपूरच्या चढावर माझ्या सायकलचा टायर बाभळीच्या काट्याने पंक्चर झाला. जवळची ट्यूबही जुनी निघाली. दुकान शोधण्यात आणि दुरुस्तीत दीड तास गेला. चाकूरला पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. लातूर अजून सुमारे पस्तीस किलोमीटर दूर होते.

“टेम्पो करू या,” मी म्हणालो. दोष माझ्या सायकलचा, म्हणून लाजही वाटत होती.

चौविहारवाला मित्र शांतपणे म्हणाला, “घाई कशाला? येथेच जेवून घेऊ. मग रात्र आपलीच आहे.”

एका झाडाखाली डबे उघडले. दशम्या, मेथीची भाजी, दही. मावळतीकडे पाहत त्याने शेवटचा पेला संपवला, हात जोडून पच्चक्खाण घेतले आणि दिवे लावून आम्ही निघालो.

त्यानंतरचे दोन तास मला विसरता येणार नाहीत. थंडी असूनही घसा कोरडा पडत होता. तो पाणी घेत नाही म्हणून आम्हीही बाटल्या उघडल्या नाहीत. कोणी कोणास सांगितले नव्हते. अखेर लातूरला गंजगोलाईपाशी पोहोचलो. सोळा रस्ते जेथे एकत्र येतात, त्या वर्तुळात दुकाने बंद होऊ लागली होती. तेथे माझा निश्चय ढळला. माझा हात बाटलीकडे गेलेला पाहून तो म्हणाला, “घे ना, पच्चक्खाण माझे आहे, तुझे नाही.”

मी प्यालो. मात्र एक थेंबही सांडू दिला नाही. एप्रिल २०१६ मध्ये याच शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी जपून, गाळून वापरावे, हे आपल्या घराघरांत शिकवले जाते. त्या रात्री तो उपदेश राहिला नाही, अनुभव झाला.

कुंथलगिरीचे दर्शन घेऊन आम्ही परतलो. आठव्या दिवशी चौघेही पुन्हा लातूरच्या वेशीबाहेर होतो. या वेळी अंगात चमकत्या पट्ट्यांची जॅकेटे होती आणि हातात लाल झेंडे. साध्वीजींच्या विहाराचा शेवटचा टप्पा आम्ही पुढे-मागे चालत पूर्ण केला. या महामार्गावर आपली दुकाने, गिरण्या, आडती आहेत. विहाराची वार्ता कळताच प्रत्येक गावातून दोन माणसे सोबतीला निघाली, तर ते फार कठीण नाही. सायकल नसली तरी चालेल.