वहीबाहेरचे तास

रमजानात सहरीआधी उठून आम्ही नवरा-बायको उत्तरपत्रिका तपासत बसतो. खारदांड्याच्या खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत असतो. शेजारच्या कोळीणमावशींनी एकदा विचारलं, "दिवसाला दोन-तीन तास शिकवता, मग रात्रभर दिवा कशाला?"

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याला किमान 40 तासांचं काम सांगितलं आहे. त्यात सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन 16 तास. उरलेल्या 24 तासांत तयारी, तपासणी, संशोधन. आणि तेही पगारात धरलेले. आम्ही दोघं मात्र तासिका तत्त्वावर. वर्गात उभं राहिलो तेवढ्याच तासांची वहीत नोंद, तेवढेच पैसे. ईदची सुट्टी असो की दिवाळीची, तास नाही तर मानधनही नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे.

हे सगळं मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाळं शिवायची मजुरी आम्ही म्हावऱ्याच्या भावात धरतो. तुम्ही कशात धरता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या तासाचा भाव आम्ही कधी ठरवलाच नव्हता.