भाड्याच्या घरातलं शिवण

भाड्याच्या घरात भिंत आपली नसते. रंग मालकांचा, फरशी मालकांची, खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही दोन खोल्या घेतल्या तेव्हा भिंतींना गडद हिरवा ऑइलपेंट होता. बाहेरच्या खोलीत मालकांचाच लाकडी दिवाण, त्यावर कळकट अभ्र्यांचे दोन लोड, आणि खिडक्यांवर पडद्यांच्या नुसत्या दांड्या. डिपॉझिट, दलाली, टेम्पोचं भाडं सगळं देऊन हात रिकामे झाले होते. पडदे, उशांचे अभ्रे, दिवाणाची चादर असा हिशेब दुकानात करून पाहिला, तर तो महिन्याच्या भाड्याच्या पुढे गेला. मग ठरवलं, या घरात जे बदलायचं ते कापडाने बदलायचं आणि कापड विकत घ्यायचं नाही.

माहेरी आईची लोखंडी ट्रंक होती. आईने शाळेत शिकवताना वर्षानुवर्षं नेसलेल्या सुती साड्या, आजीची दोन इरकल लुगडी, आणि ओटीत, हळदीकुंकवात आलेले ब्लाउजपीस. ते तर आपल्याकडे प्रत्येक घरात असतात. एका ओटीतून दुसरीत जातात आणि शिवले कधीच जात नाहीत. दोन लुगड्यांपैकी एक दंड घातलेलं होतं. मधला विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेलं धड कापड पुन्हा जोडायचं, असा तो दंड. आजीने हाताने घातलेला. मी तो बोटाने चाचपून पाहिला. उलटी बाजू कोणती आणि सुलटी कोणती, हे सांगता येत नव्हतं. जुन्या कापडातून घर सजवायचं म्हणजे काहीतरी नवीन कल्पना, असं आज बोललं जातं. आमच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या याच कामात डोळे घातले, आणि त्यांचं कसब मला कुठल्याही सजावटीपेक्षा मोठं वाटतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी वाकळ शिवून देतात. दुपारी ओट्यावर कापड पसरून त्या बसलेल्या असतात. साड्यांचं बोचकं घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी एकाही साडीचा रंग पाहिला नाही. म्हणाल्या, "आधी उजेडाला धर. देखणं कुठं हाय ते नगं बघू, जीव कुठं हाय ते बघ."

साडी सगळीकडून सारखी झिजत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बसण्याचा भाग उजेडात जाळीसारखा दिसतो. खांद्यावर पिन लावायच्या जागी पदराला बारीक भोकं पडलेली असतात. फॉलच्या वरच्या कडेशी कापड दमलेलं असतं, कारण फॉल जड आणि साडी हलकी. उलट सगळ्यात आधी खोचलेलं आतलं टोक ऊन-धूळ न लागल्यामुळे नव्यासारखं राहतं. मावशींनी दुसरी परीक्षा दाखवली. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवायचे आणि कापड आडवं ताणायचं. दोरे सरकून फट पडली तर त्या कापडावर कुणाला बसवायचं नाही. फट पडली नाही तर ते अजून दहा वर्षं चालेल.

कुठल्या कापडाचं काय करायचं, ते मग आपोआप ठरत गेलं. अभ्रा आणि दिवाणाची चादर रोज घासली जाते, तिथे मजबूत कापड. पडद्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज भार नसतो, तिथे विरळ कापडही चालतं. फक्त पश्चिमेच्या उन्हात ते एकटं टांगायचं नाही. जिथे तेवढाही जीव नाही त्याची पायपुसणी आणि वाकळीची आतली भर. जरीकाठाची देखणी साडी मोहाने अभ्र्यांना वापरली जाते आणि सहा महिन्यांत कोपऱ्यांवर फाटते, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. तीच साडी पडद्याला लावली असती तर कितीतरी वर्षं टिकली असती.

सुरुवात मापाने केली. गोल साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट लांब, आणि तिचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास. बाहेरच्या खोलीची खिडकी ४ फूट रुंद, ४ फूट उंच. एक साडी फक्त रंगाने विटलेली होती, कापड धड होतं. तिचे ६-६ फुटांचे तीन भाग केले. तीन पन्हे मिळून १३५ इंच आणि खिडकी ४८ इंच, त्यामुळे चुण्या भरपूर पडल्या. पडद्याचं कापड खिडकीच्या दीडपट तरी हवं, दुप्पट असलं तर पडदा पडद्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंचे काठ उभे ठेवले, म्हणजे कडा दुमडायचं काम वाचलं आणि काठ चुण्यांमधून उभे खाली उतरले. वर दांडी ओवायला नेफा, त्यात ३ इंच गेले. पडद्याची उंची ६० इंच. उरलेले ९ इंच कापून न टाकता खाली दुमडून घातले. खालच्या वजनाने पडदा सरळ पडतो, आणि भाड्याने राहणाऱ्या माणसाची पुढची खिडकी किती उंच असेल ते कुणाला माहीत!

दाराच्या पडद्याला दुसरी साडी. ८-८ फुटांचे दोन भाग काढल्यावर २ फूट उरतात, आणि त्या उरलेल्या तुकड्यानेच मला अभ्रा शिकवला. १६ इंचांच्या चौकोनी उशीसाठी साडीच्या पन्ह्यातून आडवी १७ इंचांची पट्टी कापायची. पट्टीची लांबी म्हणजे पन्हा, ४५ इंच. तिच्या दोन्ही टोकांना काठ आपसूक येतात. उशीच्या पुढच्या-मागच्या बाजूला मिळून ३२ इंच लागतात, उरलेल्या १३ इंचांत काठावर काठ येऊन पाकिटासारखी घडी बसते. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडून दोन सरळ टिपा मारल्या की अभ्रा झाला. चेन नाही, बटण नाही, काजं नाहीत. काठ समोर हवा असेल तर घडीची बाजू पुढे करायची. एका धड साडीतून असे बारा निघतील, पण जुन्या साडीत जीव असलेल्या पट्ट्या तेवढ्या क्वचितच मिळतात. ज्यांनी आयुष्यात मशीनला हात लावलेला नाही, त्यांना मी हाच अभ्रा आधी शिवायला सांगते. दोन सरळ टिपा कुणालाही जमतात, आणि तासाभरात खोलीचा एक कोपरा बदललेला दिसतो.

उशीत काय भरायचं हा प्रश्न येतोच. कपड्यांच्या कतरणी भरल्या तर उशी दगडासारखी जड होते आणि धुतली की वाळत नाही. आमच्याकडे एक जुनी, गोळे झालेली गादी होती. पिंजाऱ्याकडून तिचा कापूस पिंजून घेतला. त्यात उशा झाल्या, लोडांची भरही नवी झाली. लोडांच्या अभ्र्यांना टोकाचे गोल तुकडे जोडत बसले नाही. सरळ नळी शिवून दोन्ही टोकांना नेफा आणि नाडी घातली. ओढली की फुलासारखी चुणी पडते, आणि धुवायला काढणं सोपं.

पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लागणार होतं आणि त्यासाठी मात्र मांजरपाट विकत घ्यावा लागला. इचलकरंजी आमच्यापासून तासाभरावर. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या गावाची ओळखच बदलली. तिथल्या ओळखीच्या एका विणकराकडून थानाचा उरलेला तुकडा मिळाला. कोरा मांजरपाट हातात कडक लागतो, कारण ताण्याला सायझिंगची खळ असते. रात्रभर पाण्यात भिजवला, धुतला, वाळवून पुन्हा मोजला, तर मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर आटला होता. जुनी साडी शेकडो धुण्यांत आटून झालेली असते. कोरं अस्तर तसंच जोडलं असतं, तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर वर ओढलं गेलं असतं आणि साडी झोळीसारखी लोंबली असती. रंगाचंही आधी पाहून घ्यावं. ब्लाउजपीस ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासला की तो रंग सोडतो का ते लगेच कळतं. जे सोडत होते ते मी पांढऱ्या कापडाच्या जवळ येऊ दिले नाहीत. त्यांची पायपुसणी विणली: पट्ट्या फाडायच्या, तिपेडी वेणी घालायची, वेणी गोल गुंडाळत दाभणाने टाके घालायचे.

स्वयंपाकघरात पडदा अर्ध्या खिडकीलाच लावला, आणि तोही शेगडीपासून लांबच्या. शेगडीशेजारच्या खिडकीला कापड लावायचंच नाही, कितीही उघडं-बोडकं दिसलं तरी. अर्ध्या पडद्याला साडी आडवी वापरली, पन्हा उभा आणि काठ खाली, नेसल्यावर असतो तसा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात या विरळ सुती पडद्यांची खरी किंमत कळली. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. शेजाऱ्यांच्या जाड, अस्तरबंद पडद्यांना कुबट वास यायला लागला. आमचे पडदे रात्री धुऊन पंख्याखाली टाकले की सकाळी दांडीवर असायचे.

इरकल लुगड्यांवरून आईचं आणि माझं जमत नव्हतं. दिवाणाला मला त्यांतलं दंड नसलेलं हवं होतं. त्या हिरव्या भिंतीसमोर काळपट निळं अंग, लाल काठ आणि पांढऱ्या नक्षीचा तांबडा पदर, यापेक्षा चांगलं काही सुचेना. आई म्हणाली, "कात्री लावायची नाही. तुझ्या आजीच्या अंगावरचं आहे ते." तिचं म्हणणं मला मान्य होतं, आणि लुगडं ट्रंकेत कसर लागून संपणार हेही दिसत होतं. वाट मावशींनी काढली. नऊवारी म्हणजे ९ वार, २७ फूट. तीन घड्या घातल्या तर प्रत्येक घडी ९ फूट. दिवाण ६ फूट बाय ३ फूट. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट खाली सोडता येतं, आणि पन्हा रुंदीला पुरून उरतो. "कापायचं कशाला? घडी घाल आन् दोरा घाल," त्या म्हणाल्या. घडी घातल्यावर लक्षात आलं, की लुगड्याचा मधला, सगळ्यात विरलेला भाग बरोबर मधल्या थरात जातो आणि वर-खाली मजबूत कापड येतं.

हे काम मशीनवर केलं नाही. मावशींच्या ओट्यावर लुगडं पसरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले, तळव्याने आतून बाहेर सुरकुत्या काढल्या. आधी मोठे कच्चे टाके, मग कडेपासून आत आत येणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळी. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मी. त्यांचा दोरा डोळे मिटून सरळ जायचा. माझी ओळ त्यांच्या ओळीला समांतर ठेवायची एवढंच मी बघत होते. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो. दोन्हींचे ताणे वेगळे, ते एकमेकांत अडकवून जोडलेले. धुण्यात दोन्ही सारखे वागत नाहीत. म्हणून पदराच्या भागात दोरा सैल ठेवला आणि चादर फक्त गार पाण्यात धुवायची असं ठरवलं. मावशींनी मजुरी घेतली. त्या कामाला स्वस्त म्हणणं मला पटत नाही. या सगळ्या घरसजावटीत पैसे खर्च झाले ते मजुरी, मांजरपाट, पिंजणावळ, दोऱ्याची रिळं आणि मशीनच्या १६ नंबरच्या सुया यांवर. आणि सगळं मिळून पडद्यांच्या दुकानातल्या आकड्याच्या पाव भागात बसलं.

आई आली तेव्हा तिने चादरीची कड उलटून पाहिली, घड्या मोजल्या, टाका ओढून पाहिला. "म्हणजे दोरा उसवला की परत लुगडंच," ती म्हणाली. हो, नेसता येईल असं आख्खं लुगडं. दंड घातलेलं दुसरं मात्र तिने स्वतःजवळ ठेवलं, आणि मी ते मागितलं नाही.

दोन वर्षांनी करार वाढला नाही. आता आम्ही ताराबाई पार्कात राहतो. इथे भिंती पांढऱ्या, खिडक्या ५ फूट उंच. पडद्यांची दुमड उसवली आणि १ इंच कड ठेवून ८ इंच खाली सोडले. अगदी बरोबर बसले. दुमडीत राहिलेला भाग मूळ रंगाचा आणि वरचा विटलेला, त्यामुळे खाली गडद पट्टा दिसतो. तो तसाच ठेवला, वर फक्त दुमडीच्या जुन्या रेघेवर एका ब्लाउजपीसची अरुंद पट्टी शिवली. पण बाहेरच्या खोलीची खिडकी इथे ८ फूट रुंद आहे. तीन पन्ह्यांत तिच्यावर चुण्या विरळ पडतात, आणखी दोन पन्हे तरी हवेत. त्या साडीच्या जोडीचं कापड ट्रंकेत नाही. रविवारी जवळच्या गांधीनगरला जाणार आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या त्या घाऊक बाजारात साधं सुती कापड भरपूर मिळतं. साडीचा तुकडा पर्समध्ये ठेवला आहे, रंग जुळवायला. जुळला नाही तर मांजरपाटच आणायचा, आणि साडी-मांजरपाट-साडी असे पन्हे आलटून पालटून लावायचे.