पाव आणि मुरड

विद्यार्थी मित्रहो, 'पाव' हा शब्द तुम्ही दिवसातून कितीदा उच्चारता? पावकिलो साखर, पावभाजी, वडापाव. उच्चार एकच असला तरी शब्द दोन आहेत. चौथ्या हिश्श्याचा पाव संस्कृत 'पाद' या शब्दाच्या कुळातला, तर भट्टीतला पाव पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरलेला. गोमंतकात पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात. तो शब्दही पोर्तुगीजच. पीठ फुगवण्यासाठी हा पोदेर पूर्वी माडाची ताडी वापरत असे.

'पायाने तुडवतात म्हणून पाव' ही व्युत्पत्तीही तुम्ही ऐकली असेल. अशा कल्पित व्युत्पत्तीला भाषाविज्ञानात लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती शब्दाचा खरा उगम सांगत नाही. मात्र ती सांगणाऱ्यांच्या मनातले पुष्कळ सांगून जाते. ज्याने ही व्युत्पत्ती रचली, त्याला पावाची किळस वाटत होती, एवढे तरी तिच्यावरून निश्चित कळते.

या किळसेमागे मोठा इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव तुम्ही व्याकरणाच्या संदर्भात वाचले असेल. त्यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. याच दादोबांच्या पुढाकाराने 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणारी ही मंडळी गुप्तपणे जमत. सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पुढे 1860 साली सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विखुरली. पावाचा एक तुकडा खाल्ल्याचे उघड होईल, या भीतीने सुशिक्षित माणसे पांगली, यावरून त्या तुकड्याचे वजन तुमच्या ध्यानात येईल.

कोल्हापुरात आज मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात आणि त्या कोणाच्या हातच्या आहेत, असे कोणी विचारत नाही. माझ्या आजीच्या हयातीत मात्र आमच्या घरी पाव आजाऱ्यापुरता येई आणि तोही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खाल्ला जाई. हीच आजी मे महिन्यात मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर पिशवीत भरून गल्लीतल्या बायकांबरोबर भट्टीवर जात असे आणि नानखटाईने भरलेला डबा घेऊन परतत असे. भट्टी एका मुसलमान कुटुंबाची होती. पीठही त्यांच्याच हातांनी मळले जाई. माझ्या आईने एकदा धीर करून विचारले, "हे कसं चालतं?" आजी म्हणाली, "नानखटाईत पाण्याचा थेंब नसतो. पाणी लागलं की विटाळ."

तुपातले चालते, पाण्यातले चालत नाही, हा नियम तेव्हा अनेक घरांत होता. आजी स्वभावाने कठोर नव्हती. मातृभाषेचे व्याकरण आपण कोणी न शिकवता, घरातल्या माणसांचे ऐकून आत्मसात करतो. विटाळाचे नियमही तिने तसेच आत्मसात केले होते. दादोबांची थोरवी मला येथे जाणवते. भाषेचे न लिहिलेले नियम त्यांनी लिहून काढले आणि समाजाचे न लिहिलेले नियम मोडून पाहिले. आजीच्या डब्याविषयी एक गोष्ट मात्र मला भाषेचा अभ्यास करू लागल्यावर उमगली. फारसीत 'नान' म्हणजे रोटी, पाव. ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले होते, तोच नानखटाईच्या नावात बसून दरवर्षी घरात येत होता.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी त्याच घरात मी दिवसभर पाव भाजला. परदेशी शिकणारी माझी मुलगी सुट्टीला आली होती आणि दुसऱ्या दिवशी रात्री तिला महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची होती. अर्धा किलो मैदा, दोन लहान चमचे मीठ, एक लहान चमचा यीस्ट आणि कोमट पाणी. गुऱ्हाळांचा हंगाम असल्याने साखरेऐवजी काकवी घातली. यीस्ट हा सूक्ष्म जीव आहे. तो गोडावर जगतो आणि वायू सोडतो. तो वायू धरून ठेवायचा, तर पिठाला लवचीकपणा हवा आणि त्यासाठी कणीक चांगली तिंबावी लागते. एखाद्याला बदडून काढण्यालाही आपण 'कणीक तिंबणे' का म्हणतो, हे दहा मिनिटे पीठ मळल्यावर कोणालाही पटेल.

नंतर वाट पाहणे आले. थंडीमुळे पीठ दुप्पट व्हायला दोन तास लागले. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, मुलेबाळे सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. झाकून ठेवलेल्या पिठाचे काम दिसत नाही, म्हणून ते थांबलेले नसते, एवढेच तुम्हाला सांगावेसे वाटते.

दुपारी घरभर वास दरवळला. भाकरी, वांगे, शेंगा, वीट आणि पाव या सर्वांसाठी मराठीत 'भाजणे' हे एकच क्रियापद आहे. मुलीला ही उणीव वाटली. पण तिने 'पाय' करायला घेतला, तेव्हा चित्र पालटले. पिठात गार लोणी चोळू लागताच ऐंशी वर्षांची माझी आई म्हणाली, "हे तर मोहन." शिजवलेली सफरचंदे, गूळ आणि वेलदोडा पाहून म्हणाली, "हे सारण." लाटलेली पोळी तिच्या लेखी पारी होती. नाव विचारल्यावर नात म्हणाली, "पाय." आईने क्षणभर विचार केला. "पाय आधी निघतातच की उद्या," ती म्हणाली, "खाण्याला तरी दुसरं नाव ठेवा."

कडा बंद करण्यासाठी मुलीने काटा उचलला. आईने तो बाजूला सारला आणि अंगठ्याने दुमडत दुमडत संपूर्ण कडेला मुरड घातली. गौरींना निरोप देताना मुरडीचे कानवले करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. जाणाऱ्याने मागे मुरडावे, परत यावे, असा त्यामागचा भाव. आई यातले काही बोलली नाही. मुलीनेही काही विचारले नाही. फक्त उरलेली कड तिने आजीसारखी दुमडून पाहिली आणि ती जमेपर्यंत दोनदा उलगडली. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून आईने पावाचा पहिला तुकडा चहात बुडवून खाल्ला.

मित्रहो, हा पाठ मिटल्यावर आपल्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा. कोणता पदार्थ एके काळी उंबऱ्याबाहेर होता, कोणाच्या हातचे चालत नव्हते आणि ते केव्हा चालू लागले, हे विचारा. त्या बोलण्यातील शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घ्या. त्यांतील काही शब्द कोशात सापडतील, काही सापडणार नाहीत. न सापडणारे शब्द आधी लिहा.