चाकं चार, आणि शिकायचं पहिल्यापासून

मानेसरला पोस्टिंग आलं की सगळीकडे चाकंच दिसतात. जयपूर हायवेवर ट्रेलरची रांग, आयएमटीत मारुती आणि होंडाचे कारखाने. इथेच एका कारखान्याच्या गेटवर आमच्या पलटणीचे एक निवृत्त हवालदार नोकरी करतात. साताऱ्याकडचे; आम्ही त्यांना आबा म्हणतो. सुरुंगात डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरने, जे १९४४ पासून जवानांना उभं करतंय, त्यांना नवा पाय दिला.

रात्रपाळीला मुलगा सोडायचा. तो नोकरीला बाहेर गेला, तेव्हा आबांनी साइड व्हील लावलेली स्कूटर घेतली. लोक तिला तीनचाकी म्हणतात, पण चाकं चार: मूळची दोन आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक.

कारखान्याचं ट्रक उभे करायचं मैदान रविवारी रिकामं असतं. परवानगी काढून आम्ही तिथे चार रविवार सराव केला. आबांनी वीस वर्षं बुलेट चालवलेली. तीच सवय इथे आड येते. मोटरसायकल वळणावर झुकते, ही झुकत नाही. रिक्षासारखं हँडल वळवावं लागतं. वेग जास्त असेल तर आतल्या बाजूचं चाक उचलतं आणि गाडी बाहेर कलंडू बघते. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला टाकायचं. आधी मोठे गोल, मग लहान, मग इंग्रजी आठचा आकडा. स्पीड वीसच्या आत.

दुसरी सवय थांबताना पाय टेकवायची. इथे टेकवलेल्या पायावर मागचं चाक चढू शकतं. आबा म्हणाले, "माझ्या डाव्याला तर कळायचं पण न्हाई रं, चाकाखाली गेल्याचं." तेव्हापासून नियम एकच: गाडी पूर्ण थांबून ब्रेक लागेपर्यंत दोन्ही पाय फूटबोर्डवर.

तिसरी गोष्ट रुंदी. हँडल जातं तिथून मागची चाकं जातीलच असं नाही. दोन विटा ठेवल्या, अंतर टेपने मोजलं आणि मधून गाडी काढायचा सराव केला. खड्डा चुकवणंही वेगळं. दोन्ही बाजूंची चाकं उंचवट्यावर आणि मधला भाग खोल असेल, तर मधलं चाक अधांतरी फिरतं; ओढ जाते, मागचा ब्रेकही जातो. अशा जागी पुढचा ब्रेक हलका आणि वेग मुळातच कमी.

कागदपत्रंही शिक्षणाचाच भाग. जुनं लायसन्स या गाडीला चालत नाही. कायद्यात पूर्वी हिला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीने 'अडॅप्टेड व्हेइकल' झालं. बदलाची नोंद आरसीवर हवी, इन्शुरन्सवाल्यालाही कळवायला हवं. डिसेंबरच्या धुक्यासाठी मागच्या चाकांवर चकाकती पट्टी लावली, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला रुंदी दिसेल.

मंगळवारी आबांची टेस्ट आहे. मैदानात ते आता माझ्यापेक्षा नीट चालवतात, तरी ड्युटीला अजून रिक्षानेच जातात. मी म्हटलं, "आबा, आतल्या रस्त्याने एकदा जाऊन या की."

"हुकुमाआधी फायर न्हाई, लेका," म्हणाले, आणि हेल्मेटचा पट्टा आवळून पुन्हा आठचा आकडा काढायला लागले.