संहितेवाचून नाटक

मुलगी डॉक्टर होणार म्हटले की लोक पेढे मागतात. मुलगी नाट्यदिग्दर्शन शिकणार म्हटले की लोक आधी ‘वा!’ म्हणतात आणि घटकाभराने हळूच विचारतात, ‘पण पुढं काय?’ माझी भाची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गेली, तेव्हा आमच्या ताईला हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. मला प्रश्न पडला तो निराळाच. दिग्दर्शन शिकवतात म्हणजे फळ्यावर लिहितात तरी काय?

फळा फारसा लागतच नाही म्हणे! सातजणांचा गट, हाती संहिता नाही, फक्त विषय. भाचीच्या गटाचा विषय होता पाण्याचा टँकर. कुणी आपल्या वाड्यातले भांडण सांगितले, कुणी ते करून दाखवले. रिकामी बादली आणि भरलेली बादली उचलताना खांदा कसा बदलतो, यावर अख्खा तास गेला. करून पाहायचे, टिपून ठेवायचे, नको ते टाकायचे. नाटक आधी उभे राहते. कागदावर येते ते मागाहून.

मी एका तालमीला गेलो होतो. भाचीने आईच्या तोंडी एक लांबलचक स्वगत घातले होते. सुरेख होते, पण ते चालू असताना बाकीचे सहाजण नुसते खांबासारखे उभे. दोनदा पाहून तिने ते काढून टाकले. आता टँकर निघून गेल्यावर आई रिकामी कळशी उपडी करते आणि तिच्यावर बसते. बस्स, एवढेच. आम्ही सारे गप्प झालो.

“वाईट नाही वाटलं ग?”

“वाटलं ना, मामा. पण सहाजण मोकळे झाले!”

१९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ आले, तेव्हा पाठमोऱ्या ब्राह्मणांची रांग हीच रंगमंचावरची भिंत झाली. माणसे उभी करून पाहिल्यावाचून अशी भिंत उभी राहत नाही. दिग्दर्शक जब्बार पटेल हे मुलांचे डॉक्टर. त्या पिढीतल्या कितीकांनी ही विद्या कॉलेजच्या एकांकिकांतून, आपापला व्यवसाय सांभाळून मिळवली. त्याच नाटकाच्या गोतावळ्यातले सतीश आळेकर पुढे १९९६ ते २००९ या काळात ललित कला केंद्राचे प्रमुख होते. रात्रीच्या तालमीतली विद्या अशी दिवसाच्या वर्गात आली.

आम्हां घरच्या वडीलधाऱ्यांनाही स्वगतांची भारी हौस! आपले सुरेख बोलणे आवरून समोरच्या सहाजणांना मोकळे करण्याची ही विद्या नाटकवाल्यांनीच तेवढी का शिकावी?